मिनी डीव्ही कॅसेट घेताना कोणत्या ग्रेडची घ्यायची

घरात जुना डीव्ही, म्हणजे टेपवर डिजिटल व्हिडिओ घेणारा, हँडीकॅम पडलाय आणि यंदा आपल्या इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) किंवा रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) त्याच्यावर शूट करायचीय, तर आधी कॅसेटचं बघा. दुकानदार म्हणतो महागडी घ्या, पिक्चर एकदम क्लिअर येईल. तसं नसतं हो. डीव्हीत टेपवर आकडेच लिहिले जातात, सेकंदाला 25 मेगाबिटचा व्हिडिओ, मग कॅसेट साध्या ‘प्रीमियम’ ग्रेडची असो की महागड्या ‘डीव्हीकॅम’ ग्रेडची, आकडे नीट वाचले गेले की चित्र अगदी तेच, रंगात नाही की शार्पनेसमधे नाही, काडीचाही फरक पडत नाही.

फरक पडतो तो ड्रॉपआउटमधे, म्हणजे टेपवरचा डेटा मधेच गळण्यात. टेप जेमतेम 6.35 मिमी रुंद, टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या हेडचा ड्रम मिनिटाला 9000 फेरे मारतो, टेपवरच्या चुंबकीय लेपाचा बारीकसा तुकडा जरी निघाला तरी तिथला डेटा गेला, छोटी चूक कॅमेरा स्वतः सांभाळून घेतो पण मोठी असली की पडद्यावर चौकोन चौकोन दिसतात. भारी ग्रेडमधे हे कमी होतं, पैसे त्याचेच. म्हणून घरच्या गमतीजमतींना साधी कॅसेट पुरे, पण मुंज, लग्न, झांक्या, म्हणजे जे परत घडणार नाही त्याला चांगली लावा. एचडीव्ही (याच कॅसेटवर एचडी घेणारा) कॅमेरा असेल तर चांगलीच घ्या, कारण त्यात 12-12 फ्रेमचा गट एकमेकांवर अवलंबून असतो आणि एका ड्रॉपआउटमधे जवळपास अर्धा सेकंद चित्र गोठतं.

आणि कृपा करून एलपी (लाँग प्ले, टेप हळू चालवणाऱ्या) मोडवर शूट करू नका! 60 मिनिटांच्या कॅसेटवर 90 मिनिटं बसतात खरी, पण टेपवरचा डेटाचा पट्टा, म्हणजे ट्रॅक, 10 मायक्रॉनवरून 6.7 वर येतो, आमच्याकडे एका मुंजीची अख्खी कॅसेट एलपीवर होती, तो कॅमेरा बिघडल्यावर दुसऱ्या कॅमेऱ्यात ती धड चाललीच नाही, मातृभोजनाच्या वेळचा आजीचा आवाजही तुटक तुटक येतो. 80 मिनिटांची कॅसेटपण टाळा, तिची टेप पातळ असते.

एक कंपनी, एक ग्रेड ठरवा आणि तीच वापरत रहा. वेगवेगळ्या टेपांचं वंगण मिसळलं की हेडवर चिकटा बसतो असं जुने शूटिंगवाले सांगतात, मी तरी हे पाळतो. बदलायचीच असेल तर मधे क्लीनिंग कॅसेट दहाएक सेकंद फिरवा, जास्त नाही, ती हेड घासते.

आता इंदूरच्या जेल रोडच्या दुकानांत विचारलंत तर मिळाला तर जुना स्टॉकच मिळेल, सीलबंद बघून घ्या, कोणी वापरलेली पुसून देत असेल तर नको. गेरमधे गुलाल उडत असताना कॅसेट बदलायला झाकण उघडू नका, आडोशाला जा. भरलेली कॅसेट मागे गुंडाळून डबीत उभी ठेवा, माळ्यावर नाही, मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. आणि कॅमेऱ्यातून काढल्या काढल्या कॅसेटच्या कडेची ती बारीक खिटी सेव्हवर सरकवा, घरी जाऊन करू असं म्हणू नका.