मूल ‘वाचायला लागलं’ हे सांगण्याआधी या चुका टाळा

घरीच शिकणाऱ्या मुलाला ना निकालपत्रक असतं, ना स्नेहसंमेलन. त्यामुळे पोरानं एक पान घडाघडा म्हटलं की लगेच व्हिडिओ काढून पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला जातो. सगळ्यात मोठी फसगत इथंच होते.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका सहा वर्षांच्या मुलाचा असाच व्हिडिओ सगळ्या भावकीत फिरला. रविवारी रंकाळ्यावर आजोबांनी गाड्यावरची पाटी दाखवली, ‘गरम कणीस’. मुलानं पाटी सोडून शेगडीकडं पाहिलं आणि म्हणाला, ‘भाजलेलं कणीस’. सगळे हसले. पुढं दोन महिने त्यानं कुणासमोर पुस्तक उघडलं नाही. पान पाठ होतं, चित्र दिसलं की ओळ आठवायची. घाई मोठ्यांनी केली, ओशाळला तो.

म्हणून आधी चित्र हातानं झाका. ओळ शेवटच्या शब्दापासून उलटी वाचून घ्या. मग आलेल्याच अक्षरांचे अर्थ नसलेले शब्द द्या. म, ग, र येत असतील तर ‘मगर’ नको, ‘रमग’ लिहा. दहातले आठ जमले तरच वाचन आलं म्हणा. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका, मध्ये आठवडा जाऊ द्या. पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, तिथं मूल अडणारच. महिन्यात बाराखडी उरकणाऱ्यांची मुलं नेमकी इथंच अडकतात.

‘शंभरपर्यंत येतं’ याचंही तसंच. एकवीस म्हणताना एक आधी, लिहिताना दोन आधी, म्हणून मूल 12 लिहितं. एकोणतीस ऐकून 39 लिहितं. खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या रबर लावून ठेवा. दोन जुड्या आणि एक सुटी काडी हातात आली की 21 आपोआप नीट लिहिलं जातं. बालभारतीनं 2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी पद्धतही दिली, ती बिनधास्त वापरा.

चुलत भावंडांशी तुलना बंद.

तारखेशिवाय नोंद ठेवू नका. वहीत रोज एकच ओळ पुरते: काय जमलं, कुठं अडलं.

आनंद वाटून घ्यायचा तर आज्जीला शेजारी बसवा आणि मुलाला नवं पान वाचू द्या. शब्द अडला तर आज्जीनं मनात दहापर्यंत मोजायचं, मगच सांगायचं.