तळ्यातलं शेवाळ चादरीच्या नक्षीत

चादरीवरची फुलं-वेली आपण सोलापूरकर लहानपणापासून पाहतो. कंबर तलावातलं शेवाळही त्याच चौकटींत बसतं, आणि फार देखणं दिसतं.

याची ओढ जुनी आहे. लेव्हेनहूक हा हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापड व्यापारी. कापडातले धागे भिंगातून पारखायची त्या धंद्यात रीतच होती. १६७४ मध्ये त्यानं स्वतः घडवलेल्या भिंगातून तळ्याचं पाणी पाहिलं आणि हिरव्या, नागमोडी पट्ट्यांचं वर्णन लिहून ठेवलं. ते स्पायरोगायरा शेवाळ असावं, असं मानतात. धागे पारखणाऱ्याला पाण्यातही धागेच दिसले, हे मला विलक्षण वाटतं.

सकाळी तलावाच्या काठावरून हिरवं, केसांसारखं, बुळबुळीत शेवाळ थोड्या पाण्यासकट बरणीत घ्या. तिथं नसेल तर एखाद्या हौदात शोधा. बरणी उघडी आणि सावलीतच ठेवा. आपल्याकडच्या उन्हात ते दुपारपर्यंतही टिकत नाही. हात साबणानं धुवा.

काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात दोन-तीनच तंतू. वरची पातळ काच एका कडेनं टेकवून हळूहळू आडवी करा, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो: १० पटीचं वरचं भिंग आणि १० पटीचं खालचं मिळून १०० पट.

आता घाई नको. पारदर्शक नळीत हिरवी फीत गुंडाळावी तसा प्रत्येक पेशीत हरितलवकाचा, म्हणजे तिच्यातल्या हिरव्या भागाचा, वळसा दिसेल. सूक्ष्मदर्शकाची बारीक चक्री किंचित फिरवा: वरचे वळसे पुसट होतात, मागचे उमटतात. चित्राचा जीव इथंच आहे. पुढचे वळसे गडद आणि मागचे फिके काढले की सपाट कागदावर नळी गोल होते. एक डोळा भिंगाला, दुसरा उघडा ठेवून कागदावर, अशी सवय करा. पहिले दोन दिवस जड जातं, मग जमतं.

मग आलेख कागद. जकार्ड मागावर, म्हणजे नक्षीचं कापड विणायच्या मागावर, नक्षीचा एकेक चौकोन सांगतो, उभा धागा उचलायचा की खाली ठेवायचा. म्हणून रंग दोनच घ्या आणि चौकोन पूर्ण भरा, अर्धा कधीच नाही. वळशाची गोलाई पायऱ्यांची होईल. होऊ द्या, चादरीची गंमत त्या पायऱ्यांतच आहे. फिका रंग हाताशी नसल्यामुळे मागचे वळसे एकाआड एक चौकोन भरून दाखवा. एक पूर्ण वळसा २४ चौकोनांत बसवलात, तर २५व्या चौकोनापासून तीच नक्षी पुन्हा सुरू करता येते.

कोपऱ्यात तारीख, तलावाचं नाव आणि किती पट मोठं काढलं ते लिहा. भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवून तंतूची जाडी मोजा: तंतू ०.०५ मिलिमीटरचा आणि तुमच्या कागदावर ५ सेंटिमीटरचा असेल, तर १००० पट.