सशाचं दुपटं: एक नाही, दोन विणा

माझ्या भावाची लहानपणी एक चिंधी होती. आजीच्या जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा, विटकरी रंगाचा, काठ अर्धा उसवलेला. तो तिला ‘मऊ’ म्हणायचा. मऊ नाकाशी धरल्याशिवाय त्याला झोप लागायची नाही, आणि आईने ती धुवायला टाकली की हा दोरीखाली उभा राहून भोकाड पसरायचा. रत्नागिरीच्या पावसात एक कपडा वाळायला दोन-दोन दिवस लागायचे. शेवटी एका दुपारी आईने कात्री घेतली आणि चिंधीचे दोन तुकडे केले. एक दोरीवर, एक नाकाशी.

त्याच भावाला गेल्या वर्षी मुलगी झाली, चिऊ. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, आणि आत्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं. झबली-टोपडी ढिगाने येणार हे ठाऊक होतं. म्हणून क्रोशाने सशाचं दुपटं विणलं. मधोमध सशाचं डोकं, भोवती अकरा इंचांचा चौकोन, हातपाय नाहीत. बारशात तिघी-चौघींनी ‘कसं केलंस’ विचारलं, म्हणून हे लिहून काढतेय.

डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. अशा चिंध्या-बाहुल्यांवर त्यांचा निबंध १९५३ साली छापून आला. आईपासून थोडं थोडं सुटं होताना बाळ अशा एखाद्या वस्तूचा आधार घेतं, आणि ती धुतली की तिच्यातलं काहीतरी तुटतं, म्हणून आई ती मळकीच राहू देते, असं त्यांनी लिहिलंय. आमच्या आईने तो निबंध वाचलेला नव्हता, पण कात्री बरोबर चालवली. मी धडा तोच घेतला आणि एकाच धाग्याची दोन दुपटी विणली. दोन्ही पहिल्या दिवसापासून आलटून पालटून द्यायची, म्हणजे दोन्हींना सारखाच वास लागतो आणि दोन्ही सारखीच झिजतात. दुसरं कपाटात जपून ठेवलंत आणि सहा महिन्यांनी काढलंत, तर बाळ ते फेकून देईल.

धागा सुतीच घ्या. बाळासाठी म्हटलं की दुकानदार फुगीर मखमली लोकर पुढे करतो. हाताला ती छान लागते, पण बाळ ती तोंडात धरणार, आणि तिचे तंतू जिभेला चिकटतात. ॲक्रिलिक लोकर लाळ शोषत नाही आणि आमच्याकडच्या घामात अंगाला नकोशी होते. मी आठ पदरी, बिनचकाकीचं सूत वापरते. तोरणाला वापरतो ते चकचकीत मर्सराइज्ड सूत इथे नको, ते निसटतं आणि कडक लागतं. एका दुपट्याला साठ-सत्तर ग्रॅम पुरतं. दोन्हींसाठी १५० ग्रॅम एकदमच घ्या आणि प्रत्येक गुंड्याच्या लेबलावरचा लॉट नंबर जुळवून घ्या, नाहीतर दुधी रंगाच्या दोन छटा घरी येतात. गडद रंग घ्यायचाच असेल तर धाग्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी रुमाल गुलाबी दिसला तर त्या धाग्याचं पायपुसणं करा.

सुया दोन: दुपट्याला ३.५ मिमी, डोक्याला आणि कानांना २.५ मिमी. आईची रुमालाच्या लेसची बारीक पोलादी सुई इथे चालत नाही, आठ पदरी धागा तिच्या आकड्यात मावत नाही. शिवाय जाड नाकाची सुई, फेरी मोजायला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा आणि भरतकामाचा तपकिरी धागा.

टाके तीनच लागतात: साखळी (नुसती कडी), मुका खांब (बुटका टाका) आणि खांब (सुईला आधी एक वेढा देऊन विणलेला उंच टाका). व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकेतलं ‘सिंगल क्रोशे’. इंग्लंडमध्ये त्याच टाक्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात, आणि अमेरिकेतलं ‘डबल’ म्हणजे आपला खांब. बाई कुठली आहे ते आधी बघा, मग विणायला बसा.

आता दुपटं. जाळीचा ग्रॅनी चौकोन दिसतो सुंदर, पण त्या भोकांत बाळाची बोटं जातात. मग बाळ हात ओढतं, पिळतं, आणि धागा बोटाभोवती आवळतो. म्हणून भरीव चौकोन विणायचा. मॅजिक रिंग करा, म्हणजे बोटाभोवती धाग्याचं असं कडं, की टोक ओढलं की ते आवळतं. तीन साखळ्या (हा पहिला खांब धरायचा), त्याच रिंगमध्ये आणखी दोन खांब, एक साखळी. मग तीन खांब, एक साखळी. पुन्हा तीन खांब, एक साखळी. शेवटचे तीन खांब. आता साखळी न घेता सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत एक मुका खांब घाला. हा मुका खांब म्हणजेच चौथा कोपरा. त्यामुळे सुई आपोआप कोपऱ्यात येऊन थांबते, सरकत जावं लागत नाही आणि जोड दिसत नाही. रिंग ओढून घट्ट बंद करा. एकूण १२ खांब झाले. हा बाराचा आकडा विसरू नका, पुढे त्याचं काम आहे.

दुसरी फेरी त्याच कोपऱ्यातून सुरू होते. तीन साखळ्या, मुक्या खांबाच्या खालून सुई घालून एक खांब, मग बाजूच्या प्रत्येक खांबावर एक खांब. पुढचा कोपरा आला की त्याच्या साखळीत दोन खांब, एक साखळी, दोन खांब. असे तीन कोपरे झाले की पहिल्या कोपऱ्यात परत या, तिथे दोन खांब घाला आणि पहिल्यासारखाच मुक्या खांबाने जोड द्या. पुढच्या सगळ्या फेऱ्या अशाच. प्रत्येक फेरीत प्रत्येक बाजू चार खांबांनी वाढते: ३, ७, ११, १५. बाराव्या फेरीत बाजूला ४७ खांब यायला हवेत. दर दोन फेऱ्यांनी एक बाजू मोजाच. मी एकदा टीव्हीवर क्रिकेट लावून विणलं आणि आठव्या फेरीला कळलं की एक बाजू २९ ची, बाकीच्या ३१ च्या. चार फेऱ्या उसवल्या. कोपऱ्यात दोन साखळ्या घ्यायची पद्धतही आहे, पण मी एकच घेते, भोक लहान राहतं.

शेवटी काठाला मुक्या खांबांची एक फेरी, कोपऱ्यात तीन-तीन. झालर, कंगोरे, गोंडे काही नको. आई म्हणालीच, ‘अगं, काठाला जरा लेस तरी लाव.’ तिने आमच्या फ्रिजला, टीव्हीला, पाण्याच्या पिंपालाही लेस लावलेली आहे. लेसमध्ये पायाची बोटं अडकतात असं सांगितल्यावर गप्प झाली, पण पटलेलं नव्हतं.

डोकं २.५ च्या सुईने, सगळं मुक्या खांबांत, गोल गोल, फेरी न जोडता. रिंगमध्ये ६. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. मग दर फेरीला सहा वाढवत १८, २४, ३०, ३६, ४२. सातव्या फेरीला ४२ झाले की आठव्यापासून पंधराव्यापर्यंत सरळ, न वाढवता. सोळाव्या फेरीपासून दर फेरीला सहा कमी करायचे: ३६, ३०, २४, १८, १२. घटवताना दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या कड्या सुईवर घ्या आणि एकत्र विणा, म्हणजे भोक पडत नाही. वीण एवढी घट्ट हवी की डोकं उजेडासमोर ताणून धरलं तरी आरपार दिसू नये. आकार लिंबापेक्षा मोठा, मोसंबीपेक्षा लहान होतो. एका वर्षाच्या मुठीला तो बरोबर बसतो.

सतराव्या फेरीनंतर थांबा आणि चेहरा भरा, कारण अजून आत हात जातो. डोळे बाराव्या आणि तेराव्या फेरीच्या मध्ये, दोघांत आठ टाक्यांचं अंतर. भरतकामाच्या धाग्याने दोन मिटलेल्या पापण्या आणि खाली नाकाचा छोटा त्रिकोण, एवढंच. गाठी आतल्या बाजूला. मणी, बटणं, प्लॅस्टिकचे डोळे लावू नका. मी पहिला ससा शेजारच्या बाळासाठी केला होता, त्याला दुकानातून आणलेले काळे डोळे मागून चकती दाबून बसवले होते. आठव्या दिवशी त्याच्या आजीने बाळाच्या तोंडात बोट घालून एक डोळा बाहेर काढला. ती मला काही बोलली नाही, नुसता डोळा माझ्या हातावर ठेवला. त्यानंतर माझे सगळे ससे झोपलेले असतात.

मग भरण. घरात उशीतली शेवरी पडलेली असते, ती भरायचा मोह होतो. मीही भरली होती. शेवरीचे तंतू विणीतून बाहेर उडतात, आणि एकदा भिजली की तिचे गोळे होतात. सरकी काढलेला साधा कापूस त्याहून बरा, पण जूनमध्ये धुतलेला ससा तीन दिवस पंख्याखाली ओलाच राहिला. चौथ्या दिवशी त्याला कुबट वास यायला लागला. उसवून बघितलं तर आत काळे ठिपके. तेव्हापासून गादीवाल्याकडून पॉलिएस्टर फायबर आणते. तो पिंजून, थोडा थोडा, आधी कडेने आणि मग मध्ये भरायचा. डोकं दाबलं की परत फुगायला हवं. चेंडूसारखं टणक झालं तर बाळाला गालाखाली घेता येत नाही. अठरावी, एकोणिसावी आणि विसावी फेरी पूर्ण करून हातभर धागा सोडा आणि कापा.

कान दोन. ६, मग ९, मग १२. चौथ्यापासून बाराव्या फेरीपर्यंत १२ सरळ. तेराव्या फेरीत ९, आणि आणखी तीन फेऱ्या ९. आत काही भरायचं नाही. चपटे दाबून डोक्याच्या चौथ्या-पाचव्या फेरीच्या मध्ये शिवा. कान हाच या वस्तूचा खरा उपयोगाचा भाग, दात येताना बाळ तेच चघळतं. म्हणून कान शिवताना एकदा पुढून, एकदा मागून, अशी दुहेरी शिवण घाला.

आता तो बाराचा आकडा. डोक्याच्या तोंडाशी १२ टाके आहेत आणि दुपट्याच्या पहिल्या फेरीत १२ खांब. एकाला एक जोडत जायचं. डोक्याच्या टाक्यातून सुई काढायची आणि त्याच्या समोरच्या खांबाच्या अंगातून खाली न्यायची. पूर्ण चक्कर झाली की उलट दिशेने दुसरी चक्कर. डोक्याचा अंदाज घेत, टाचण्या लावत बसावं लागत नाही आणि ससा मान तिरकी करत नाही. हा हिशोब मला तिसऱ्या सशाला सापडला. आधीचे दोन कायम डावीकडे बघतात. उरलेलं टोक डोक्याच्या आत तीन वेगवेगळ्या दिशांनी फिरवून कापा. दुपट्याची टोकंही तशीच जिरवा. नुसती गाठ मारून कापलं की दुसऱ्या धुण्याला ते टोक बाहेर येऊन हात हलवतं.

देण्याआधी परीक्षा घ्या. एक कान धरून पूर्ण ताकदीने ओढा, मग दुसरा, मग डोकं एका हातात आणि दुपटं दुसऱ्या हातात धरून ओढा. माझ्या नवऱ्याला हे काम फार आवडतं. त्याच्या हातात जे तुटलं नाही ते बाळाच्या हातात तुटणार नाही. मग उशीच्या अभ्र्यात घालून सौम्य साबणाने धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पसरून वाळवा. ओलं असताना कानाला चिमटा लावून टांगलं की कान घोड्याचा होतो.

आईला किंवा वहिनीला देताना हे तोंडानेही सांगा: पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत दुपटं झोपेत बाळाजवळ ठेवायचं नाही, पाळण्यातही नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, बारा महिन्यांच्या आत बाळाच्या झोपायच्या जागी कुठलीच मऊ वस्तू ठेवू नका असं सांगते, कारण ती नाकातोंडावर आली तर बाळाला दूर करता येत नाही. जागेपणी, मांडीवर, नजरेसमोर असेल तर खुशाल द्यावं. आमच्या वहिनीने पहिलं वर्षभर ते दूध पाजताना खांद्यावर टाकलं. त्यामुळे दोन्ही दुपट्यांना आईचा वास आपसूक लागला.

उरलेला धागा फेकू नका. मी पंधरा ग्रॅमचा गुंडा आणि २.५ ची सुई प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वहिनीच्या कपाटात ठेवली आहे, वरती ‘चिऊचा ससा’ अशी चिठ्ठी. मार्चमध्ये चिऊला वरचे दोन दात आले तेव्हा डावा कान पार चिरगुटला होता. शनिवारी पुण्याला गेले, चिऊ दुसरा ससा घेऊन झोपली होती तेवढ्यात कान उसवला, नवा विणला आणि शिवला. उठल्यावर तिने तो कान आधी नाकाला लावला, मग तोंडात घातला. उजवा आता मे महिन्यात बदलावा लागेल असं दिसतंय.