कॅमेऱ्यातली टेप संगणकात उतरवताना: इंदूरमधील कामाचा अनुभव

इंदूरच्या मराठी घरांत मुंजी, लग्ने आणि राजवाड्यापुढून जाणारी रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) टिपलेल्या मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल व्हिडिओ टेपच्या, कॅसेटी अजून कपाटांत पडून आहेत. त्या संगणकात उतरवून देण्याचे काम मी गेली काही वर्षे करतो. या कामात नव्याने येणाऱ्याने एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी: काहीही बिघडले तरी संगणकाला हात लावण्याआधी कॅसेट कॅमेऱ्याच्याच छोट्या पडद्यावर चालवून पाहावी. तेथे चित्र स्वच्छ असेल तर दोष केबलच्या पुढे आहे, आणि तेथेच चित्र फुटून चौकोन दिसत असतील तर ड्रायव्हर (जोडलेले यंत्र संगणकाला ओळखू देणारे सॉफ्टवेअर) कितीही बदलले तरी उपयोग होणार नाही.

माझी पहिली चूक यूएसबीची होती. कॅमेऱ्याला ते तोंड दिसले म्हणून मी तीच केबल जोडली आणि चित्र आले ते लहान व धूसर. अशा पुष्कळ कॅमेऱ्यांत यूएसबी केवळ मेमरी कार्डावरची छायाचित्रे काढण्यासाठी किंवा वेबकॅमसारख्या वापरासाठी दिलेले असते. टेपवरचा मूळ डिजिटल मजकूर फायरवायर नावाच्या वेगळ्या जोडणीने, म्हणजे आयईईई 1394 ने, बाहेर येतो. सोनीच्या कॅमेऱ्यावर त्यालाच आय-लिंक म्हटलेले असते. यानंतर मी जेल रोडवरून एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर असलेली स्वस्त केबल आणली. तिचे पैसे वाया गेले, कारण या दोन पद्धतींची भाषाच वेगळी असल्याने नुसत्या तारा जोडून काम होत नाही. डेस्कटॉपमध्ये फायरवायरचे कार्ड बसवणे हाच सरळ मार्ग आहे.

‘कॅमेरा सापडत नाही’ असा संदेश आला की कॅमेरा चित्रीकरणाच्या नव्हे, प्ले किंवा व्हीसीआर स्थितीत आहे ना, आणि बॅटरीऐवजी अडॅप्टरवर चालू आहे ना, हे आधी पाहावे. केबल जोडताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत, कारण सहा पिनांच्या बाजूने वीजही वाहते आणि ते तोंड उलटे घुसवले तर पोर्ट जळू शकतो. त्यानंतर ड्रायव्हर. विंडोज 8 पासून फायरवायरचा जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर सोबत येत नाही. तो मायक्रोसॉफ्टकडून वेगळा उतरवून घेऊन डिव्हाइस मॅनेजरमध्ये हाताने निवडावा लागतो, आणि अनेक कार्डे तेवढ्यानेच चालू लागतात. मॅक वापरणाऱ्यांनी जुने यंत्र जपून ठेवावे, कारण मॅकओएस 26 मध्ये फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे.

मला सर्वांत जास्त छळले ते एका वेगळ्याच प्रकाराने. प्रत्येक कॅसेट विसाव्या मिनिटाच्या सुमारास थांबत असे. मी कॅमेऱ्यातले टेप वाचणारे हेड दोनदा स्वच्छ केले, केबल बदलली आणि ग्राहकाच्या कॅसेटींनाही दोष दिला. शेवटी लक्षात आले की वेगवेगळ्या कॅसेटी एकाच मिनिटाला थांबतात, तेव्हा दोष कॅसेटीत असणे शक्यच नाही. या टेपवरच्या डीव्ही व्हिडिओचा प्रवाह सेकंदाला सुमारे 3.6 मेगाबाइट असतो, म्हणजे तासाला साधारण 13 जीबी. आणि माझी बाहेरची डिस्क फाइल साठवण्याच्या फॅट32 या जुन्या पद्धतीची होती, जिच्यात एक फाइल 4 जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. डिस्क एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीची केली आणि अडचण संपली. मधूनमधून फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रे) गळत असतील तर मात्र डिस्कचा वेग आणि मागे चालणारे अँटिव्हायरस पाहावे. एका तासाच्या टेपला एक तास लागणारच. त्या वेळात संगणकावर दुसरे काम करू नये.

चौकोन किंवा आडवे पट्टे कॅमेऱ्यातच दिसत असतील तर कोरडी क्लीनिंग कॅसेट काही सेकंदच चालवावी, कारण ती घासूनच स्वच्छ करते. पावसाळ्यात कॅमेऱ्याने दमटपणाची खूण दाखवली तर कॅसेट काढून, झाकण उघडे ठेवून तासभर थांबावे. दोन प्रसंगांच्या मध्ये टेप कोरी राहिली असेल तर टाइमकोड, म्हणजे टेपवरची वेळेची सलग नोंद, तुटतो आणि सॉफ्टवेअर थांबते; तेथून हाताने पुन्हा सुरुवात करावी.

कॅसेट घेतानाच मी तिची पुसण्यापासून वाचवणारी खिट्टी ‘सेव्ह’कडे सरकवतो आणि ‘मूळ कॅमेरा घरी आहे का?’ असे विचारतो. 60 मिनिटांच्या टेपवर 90 मिनिटे बसवणाऱ्या एलपी पद्धतीचे चित्रीकरण दुसऱ्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा तुटक चालते. एका लग्नाची अशीच कॅसेट माझ्या दोन्ही कॅमेऱ्यांवर नुसते चौकोन दाखवत होती. नवरीच्या काकूंना आठवले की तो कॅमेरा देवासला त्यांच्या भावाकडे आहे. तो आणला, अडॅप्टर जोडला आणि त्यावर अक्षतांपासून वरातीपर्यंतचे सगळे एकही फ्रेम न गळता उतरले.