जुईला फुलंच येत नाहीत? या चुका टाळा

वेल मांडवभर पसरलाय, पानं हिरवीगार, आणि संध्याकाळी गजऱ्यापुरत्या कळ्याही मिळत नाहीत. अशा जुईला बहुतेक वेळा रोग नसतो, तिला कात्री लागलेली नसते.

जाई आणि जुई, दोन्ही नव्या फुटव्यावर फुलतात. वाढलेला वेल कापवत नाही म्हणून छाटणी टाळली की जुन्या काड्यांची जाळी होते आणि बहर कमी होत जातो. शेतात डिसेंबरअखेर जाई आणि जानेवारीअखेर जुई जमिनीपासून 45 ते 50 सेंटिमीटरवर छाटतात. घरच्या मांडवावर इतकं खाली जायला नको. मुख्य खोडं ठेवा, बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळे (नवा फुटवा जिथून येतो त्या जागा) राखून कापा, वाळलेल्या काड्या बुडापासून काढा. छाटणीआधी काही दिवस पाणी तोडा, छाटून झाल्यावर शेणखत घालून पुन्हा सुरू करा. ऐन बहरात मात्र कात्री नको, कळ्यांसकट शेंडे जातील.

दुसरी चूक युरियाची. फुलं नाहीत म्हणून युरिया टाकला की पानंच माजतात. आणि रात्री फुलणारा वेल म्हणून त्याला सावलीत ठेवू नका. पाच-सहा तास ऊन हवंच.

मधुमालतीला जुईच्या मांडवावर चढवू नये, असं माझं ठाम मत आहे. ती जोमानं वाढते आणि जुईला झाकून टाकते. तिला वेगळी, भक्कम कमान द्या. मग संध्याकाळी पांढरी उमललेली तिची फुलं पुढच्या दिवसांत गुलाबी, मग लाल होताना निवांत बघा.

पानं नीट न्याहाळा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून फवारा. पानांवर, कोवळ्या दांड्यांवर पांढरी लोकरीसारखी लव आली तर पुष्कळजण भुरी हा बुरशीचा रोग समजतात, पण ते काम डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी नावाच्या किडीचं असतं. तेवढे शेंडे कापून टाका आणि पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात फवारा, तेही ऊन उतरल्यावर.

कळ्या न उमलताच जांभळट पडत असतील तर एखादी उकलून पाहा. आत बारीक अळी सापडली तर अशा सगळ्या कळ्या, खाली पडलेल्याही, वेचून नष्ट करा. त्या कंपोस्टात टाकू नका.