टेस्टमध्ये पास, काळ्या घोड्याच्या सर्कलला नापास: रस्त्यावरची चिन्हं शिकताना या चुका टाळा

आमच्याकडे बडोद्यात लर्निंग लायसन्सची तयारी म्हणजे मोबाईलवर प्रश्नसंच उघडायचा आणि घोकत बसायचं, हे चित्र आलं की उत्तर तिसरं, ते आलं की पहिलं, बस. १५ प्रश्न असतात, त्यातले थोडे चुकले तरी पास, त्यामुळे एवढ्यावर भागतंसुद्धा. भाचे, पुतण्या, सोसायटीतली पोरं, सगळ्यांचं हेच. आणि मग पास झालेलं पोरगं रावपुऱ्यात खऱ्या बोर्डासमोर उभं राहून विचारतं, मावशी, हे काय आहे गं? कारण तिथे बोर्डाखाली पर्याय लिहिलेले नसतात ना.

तर ज्या चुका मला सारख्या दिसतात त्या लिहिते. काही टेस्टमध्ये मार्क घालवतात, काही घरी मेमो (दंडाची पावती) आणतात आणि काही हातपाय मोडतात.

चित्र पाठ, आकार नापास

सगळ्यात मोठी चूक ही. शंभरेक चित्रं सुटी सुटी पाठ करायची काही गरजच नाहीये. आधी आकार आणि रंग बघा, आतलं चित्र नंतर. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा. पूर्ण निळा गोल म्हणजे हे करायचंच. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे काहीतरी आहे, सांभाळा (वळण, शाळा, बंप, अरुंद पूल, गुरं). निळा चौकोन म्हणजे नुसती माहिती, पेट्रोल पंप, दवाखाना वगैरे. स्टॉप तेवढा आठ कोनांचा आणि 'आधी दुसऱ्याला जाऊ द्या' हा उलटा त्रिकोण, हे दोघं मुद्दाम वेगळ्या आकाराचे ठेवलेत, म्हणजे धूळ बसलेली असो नाहीतर बोर्डावर कुणाच्या वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलेलं असो, आकारावरून कळतं.

एवढं पक्कं झालं की अर्ध्या प्रश्नांची उत्तरं चित्र नीट न बघताही येतात. उरलेल्या अर्ध्यात जोड्या आहेत, म्हणजे दिसायला जुळे पण अर्थ वेगळा, आणि टेस्टवाले नेमके तेच विचारतात.

पहिली जोडी नो पार्किंगची. आत निळं, कड लाल आणि वरून एकच तिरकी लाल रेघ असेल तर पार्किंग मना, पण माणूस उतरवला आणि लगेच निघालात तर चालतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंच नाही, माणूस उतरवायलासुद्धा नाही. मंगळबाजारात काय चालतं बघा, फुलीच्या बोर्डाला टेकून अ‍ॅक्टिव्हा उभी, पोरगं वर बसलेलं, आणि कोणी बोललं की ठरलेलं उत्तर, "काका, मी गाडीवरच बसलोय, पार्क कुठे केलीय, मम्मी फक्त ब्लाऊजपीस घेऊन येतेय." एक रेघ असती तरी मम्मी येईपर्यंत बसून राहणं हे पार्किंगच झालं असतं, आणि इथे तर दोन आहेत. वर आत निळं दिसतं म्हणून बरीच पोरं टेस्टमध्ये 'करायचंच' वाल्या गटात टाकतात. कड लाल आहे, म्हणजे मनाई, विषय संपला.

दुसरी जोडी आकड्यांची. लाल गोलात ५० म्हणजे ५० च्या वर जाऊ नका, निळ्या गोलात ५० म्हणजे ५० च्या खाली येऊ नका. घाईत दोन्हीला स्पीड लिमिट म्हणून मोकळे होतात.

तिसरी, लाल भरलेला गोल आणि मध्ये आडवी पांढरी पट्टी म्हणजे नो एंट्री, तुम्ही या बाजूने आत शिरायचं नाही, समोरून गाड्या येत असतील. पण नुसती लाल कड आणि आत काहीच नाही, कोरा पांढरा, तर तो रस्ता दोन्ही बाजूंनी वाहनांना बंद. कोऱ्या बोर्डाला पोरं रंग उडालेला समजतात! चौथी रेल्वे फाटकाची, त्रिकोणात कुंपणासारखं फाटक काढलेलं असेल तर पुढे फाटक आहे, माणूस आहे, आणि इंजिन काढलेलं असेल तर फाटक नाही, म्हणजे थांबून दोन्हीकडे बघायचं काम तुमचं.

पिवळा दिवा म्हणजे 'पळ' नाही

पिवळ्याचा अर्थ सगळ्यांना टेस्टपुरता येतो. रस्त्यावर मात्र पिवळा लागला की गाडीचा आवाज वाढतो. पिवळा लागला की स्टॉप लाइनच्या अलीकडे थांबायचं, आधीच लाइन ओलांडून आत आला असाल तर मध्ये न अडकता निघून जायचं, इतकं साधं आहे. आणि थांबायचं ते लाइनच्या अलीकडे, झेब्रावर चाक ठेवून नाही. कॅमेऱ्याला हे बरोबर दिसतं आणि मग ई-मेमो पप्पांच्या नावावर येतो कारण गाडी पप्पांची, आणि घरात जे महाभारत होतं ते वेगळंच.

लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल मोठ्या माणसांनाही विचारून बघा, दहातले आठ गडबडतात. रात्री उशिरा सिग्नल पिवळा लुकलुकत असतो, लोक म्हणतात सिग्नल बंद पडला. बंद नसतो, तो सांगतोय की स्पीड कमी करा, बघा, मग जा. लाल लुकलुकत असेल तर स्टॉपचा बोर्ड असल्यासारखं पूर्ण थांबायचं आणि मोकळं दिसलं तरच निघायचं.

आणि लेफ्ट. आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की डावीकडे वळायला सिग्नल लागतच नाही. तसं नाहीये, जिथे तसा बोर्ड किंवा डावीकडची वेगळी लेन दिलीय तिथेच, आणि तिथेही चालत ओलांडणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. नाहीतर लाल म्हणजे लाल. उलट, जिथे लेफ्ट खरंच मोकळं आहे तिथे सरळ जाणारे पुढे येऊन रस्ता अडवून उभे राहतात, मागचा हॉर्न वाजवतोय तो वेडा म्हणून नाही, तुम्ही त्याच्या लेनमध्ये आहात.

चौकात पोलीस उभा असेल आणि तो हाताने बोलावत असेल तर दिवा लाल असला तरी त्याचं ऐकायचं. टेस्टमध्ये हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास चुकतो.

सर्कल, म्हणजे आपलं बडोदं

इथे जरा जास्त लिहिते कारण आपल्या गावात सर्कलशिवाय पानही हलत नाही, आणि एकाही पोराला सर्कल नीट येत नाही. मोठ्यांनाही नाही, खरं तर पोरं त्यांचंच बघून शिकतात.

सर्कलमध्ये जो आधीच फिरतोय त्याचा हक्क पहिला. तुम्ही आत शिरताय, तर तुम्ही थांबायचं. तो तुमच्या उजवीकडून येणार, म्हणजे मान उजवीकडे पाहिजे. आपल्याकडे काय होतं, काळ्या घोड्याला संध्याकाळी सहा-साडेसहाला उभं राहून बघा, कमाटीबागेतून पोराबाळांना घेऊन निघालेली मंडळी, स्टेशनच्या रिक्षा, कॉलेजची पोरं, सगळे नाक आधी घुसवतात आणि बघतात नंतर, ज्याचं नाक पुढे त्याचा हक्क असा हिशोब. समोरचा ब्रेक मारेल या भरवशावर सगळं चाललेलं असतं, आणि नवीन शिकणाऱ्याचं काय होतं, तो एकतर घाबरून तोंडाशीच उभा राहतो, मागून हॉर्नचा मारा, किंवा डोळे मिटल्यासारखा घुसतो. दोन्ही नको. येतानाच स्पीड कमी करा, दुसऱ्या गिअरला या, उजवीकडे बघा, फट दिसली की जा, नाही दिसली तर थांबा, हॉर्न वाजू देत.

इंडिकेटरची चूक त्याहून मजेशीर. सरळ जायचंय म्हणून चारी दिवे लावतात! हे कुणी शिकवलं देव जाणे, कुठल्याच पुस्तकात नाही. चारी दिवे म्हणजे गाडी बंद पडलीय किंवा अडचणीच्या जागी उभी आहे. चालत्या गाडीला ते लावले की तुम्ही डावीकडे वळताय का उजवीकडे हे मागच्याला कळायचा रस्ताच बंद. सरळ जायचं असेल तर शिरताना काही लावू नका, तुमच्या आधीचा फाटा मागे गेला की डावा इंडिकेटर लावून बाहेर पडा. उजवीकडे जायचं असेल तर शिरताना उजवा, आतल्या बाजूने फिरा, आणि बाहेर पडायच्या आधी डावा. डावीकडे जायचं असेल तर डाव्या कडेनेच या आणि डावा लावून निघून जा. आणि उजवीकडे जायचं म्हणून सर्कलला वळसा न घालता उलटा कट मारणं, ते तर रॉन्ग साइड झालं, पाच सेकंद वाचतात आणि समोरून सिटी बस येते.

जिथे सर्कलही नाही, सिग्नलही नाही, पोलीसही नाही असा चार रस्ता आला तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आणि गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येत असाल तर सगळ्यांनाच.

रस्त्यावरच्या रेघा

या कोणी वाचतच नाही, म्हणून पटकन. तुटक पांढरी असेल तर मोकळं बघून ओलांडता येते. सलग असेल तर नाही. एकाला एक लागून तुटक आणि सलग अशा दोन असतील तर तुमच्या बाजूला कुठली आहे ते बघा, तुटक असेल तरच तुम्हाला ओव्हरटेकची मुभा. चौकात पिवळ्या जाळीचा चौकोन रंगवलेला दिसला तर पुढे जागा असल्याशिवाय त्यात शिरायचं नाही, सिग्नल हिरवा असला तरी.

सोळाव्या वर्षी अ‍ॅक्टिव्हा

ही चूक पोरांची नाही, आईबापांची. "सोळाला लायसन्स मिळतं ना, मग चालवू दे की क्लासला." मिळतं, पण विनागिअरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. तुमच्या दारातली अ‍ॅक्टिव्हा ५० सीसीची नाही, दुपटीहून जास्त आहे. तिला १८ पूर्ण पाहिजेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराच्या हातात गाडी सापडली तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द, आणि पोराला २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. बॅटरीवर चालते म्हणून लायसन्स लागत नाही हेही अर्धंच खरं, ते फक्त २५० वॉटपर्यंतच्या आणि २५ किमीच्या वर न पळणाऱ्या गाड्यांना.

लर्निंग हातात आलं म्हणजे मोकळं रान नाही. सहा महिने चालतं, आणि ३० दिवस झाले की पक्क्यासाठी अर्ज करता येतो. तोपर्यंत गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' पाहिजे, कारमध्ये शेजारी लायसन्सवाला माणूस पाहिजे, आणि टू-व्हीलरवर मागे मैत्रिणीला बसवायचं नाही, शिकवणारा लायसन्सवाला असेल तरच.

आणखी एक, लर्निंगवाला उत्साहात अहमदाबादच्या एक्सप्रेस वेवर बाईक घेऊन निघतो. ९३ किमीचा तो रस्ता, टू-व्हीलरला आणि रिक्षाला तिथे मनाई आहे, तोंडाशी बोर्डही आहे, लाल गोलच आहे, पण आकार शिकलाच नाही तर वाचणार कसा.

बंप आणि गाय

बंपच्या कडेला जी फट असते तिच्यातून टू-व्हीलर काढणं बंद करा, तिथून माणसं चालतात. त्रिकोणात गाय दिसली की हसू नका, आपल्याकडे ती बोर्डाशिवायही भेटते, आणि भेटली की हॉर्न न वाजवता तिच्या मागच्या बाजूने जा, दचकली की ती पुढेच उडी मारते. उत्तरायणच्या आसपास टू-व्हीलरच्या हँडलवर मांज्यासाठी सळई लावून घ्या आणि गळ्याला ओढणी-मफलर, हे टेस्टमध्ये विचारत नाहीत.

टेस्टच्या दिवशीचे घोळ

भाषा निवडताना शान दाखवू नका, ज्या भाषेत पटापट वाचता येतं तीच घ्या, प्रत्येक प्रश्नाला घड्याळ लागलेलं असतं. आपली पोरं घरी मराठी, बाहेर गुजराती, शाळा इंग्लिश मीडियम, त्यामुळे आधी घरी तिन्ही-चारीत सराव प्रश्न वाचून बघा कुठे अडखळता ते.

पक्क्या लायसन्सला कारच्या ट्रॅकवर रिव्हर्स पार्किंग, आठचा आकडा, चढ आणि रिव्हर्स एस असतं, आणि सगळं कॅमेरा-सेन्सर बघतात, साहेबांच्या ओळखीचा उपयोग नाही. बसल्या बसल्या पहिला बेल्ट लावा, साध्या घाईत तो विसरणारे भरपूर. पण बरेच लोक चढावर नापास होतात, गाडी मागे सरकते. उपाय असा, चढावर थांबलात की हँडब्रेक पूर्ण ओढायचा, पाय ब्रेकवरून काढून थोडा अ‍ॅक्सिलरेटर, क्लच हळूहळू सोडत यायचा, बॉनेट जरा वर उचलल्यासारखं वाटतं आणि इंजिनचा आवाज जड होतो, तिथे क्लच धरून ठेवायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. आधी हँडब्रेक सोडला की गेलात मागे. सरावाला ओव्हरब्रिजचा चढ घेऊ नका, मागे लाइन लागलेली असते आणि हात थरथरतात, दुपारी सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प रिकामा असतो, वॉचमनकाकांना सांगून ठेवा म्हणजे वरून कोणी येणार नाही.