सोलापुरात घराला लाकूड घेताय? जंगल न उजाडता कसं घ्यायचं ते बघा

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, जिकडं जाल तिकडं बांधकाम चालूय, आणि घर म्हटलं की दारं-चौकटी आल्याच. आपल्या जिल्ह्यात जंगल म्हणावं असं फारसं नाही, पाऊसच वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. मग हे लाकूड येतंय कुठनं? चंद्रपूर-गडचिरोलीतनं येतंय, घाना, इक्वेडोर, मलेशियातनं पण येतंय. परदेशी मालाचा मोठा भाग गुजरातेत कांडला बंदरात उतरतो, गांधीधामला चिरला जातो आणि मग ट्रकनं देशभर फिरतो. त्यामुळं जंगल वाचवायचं म्हणून तुम्ही काही करणार असाल तर ते वखारीत, पैसे द्यायच्या आधी करा. स्टेटस नंतर टाका.

आधी हिशोब करा, कारण न घेतलेलं लाकूड सगळ्यात चांगलं. ७ फूट उंच, ३ फूट रुंद चौकट, उंबरा सोडला तर तिला १७ फूट लांबी लागते. ५ बाय ३ इंचाचा माल असेल तर १७ गुणिले ५ गुणिले ३ भागिले १४४, म्हणजे पावणेदोन घनफूट एका चौकटीला. घरात सहा-सात दारं धरा आणि बघा आकडा कुठं जातोय. आता यातली बाथरूम-संडासची दारं काढून टाका, तिथं ग्रॅनाइटची चौकट बसवा, दगडाला आपल्याकडं काय तोटा नाही, आणि पाण्यानं कुजायचा प्रश्नच मिटतो. आतल्या खोल्यांना ४ बाय अडीचचा माल धकतो, तिथं प्रत्येक चौकटीला अर्धा घनफूटच्या वर वाचतंय. सागवान पुढच्या दाराला ठेवा, देव्हाऱ्याला ठेवा, हौस तिथं करा.

दुसरं म्हणजे जुनं लाकूड. गावाकडं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छत, पाडून स्लॅब टाकायचं काम अजून चालूच असतंय, शहरात जुने वाडे पडतात, तिथनं तुळया, खांब, सरे निघतात. लोक ते चुलीला घालतात ओ! पन्नास-शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, आता ते ना वाकणार ना पीळ मारणार, आणि त्याच्यासाठी नवीन झाड पडत नाही. फक्त घेताना तीन गोष्टी करा. लोहचुंबक फिरवा, आत खिळे असतात आणि सॉ मिलवाल्याचं पातं तुटलं की तो तुमचं लाकूड परत घेणार नाही. भिंतीत गाडलेलं टोक पटाशीनं टोचून बघा, पोकळ लागलं तर वाळवीनं आधीच खाल्लंय, तेवढं कापून टाकायचं. आणि भाव ठरवायचा तो चिरून, खराब भाग काढून उरलेल्या मालावर, अख्ख्या तुळईवर नाही. माळवदात सागवानाबरोबर बाभूळ, कडुनिंब पण असतंय, त्याला नाक मुरडू नका, आतल्या चौकटीला चांगलं चालतंय.

आता नवीन घ्यायचंच असेल तर. वखारीत तुम्हाला "बर्मा", "सीपी" (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं, म्हणजे मध्य प्रदेश-विदर्भाकडचं), "बल्हारशा", "घाना", "मलेशियन साल" अशी नावं ऐकू येतील आणि प्रत्येक नावाच्या मागं एक वेगळं जंगल आहे.

बल्हारशा म्हणजे चंद्रपूरचा सागवान, वनखात्याच्या डेपोतनं लिलावानं बाहेर पडणारा. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांचं सागवान २०२३ साली इथनंच गेलं. तिथलं जंगल कार्य आयोजनेप्रमाणे चालतं, म्हणजे कुठल्या वर्षी कुठला कूप, म्हणजे जंगलाचा आखलेला तुकडा, तोडायचा, कुठली झाडं ठेवायची हे आधी कागदावर ठरतं, झाडावर हातोड्याची खूण पडते, आणि बुंधा राहिला की सागाला परत फुटवा येतो. सगळं काही आदर्श आहे असं नाही, पूर्वी मिश्र जंगल साफ करून नुसता सागच लावला म्हणून टीका झालीय आणि ती बरोबरच होती. पण निदान कागद मिळतो, आणि काही चुकलं तर जाब विचारायला आपलंच राज्य आहे.

बर्माचं लक्षात ठेवा, म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकूड बाहेर द्यायचं बंद केलं. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिका आणि युरोपनं निर्बंध पण घातले. तेव्हा कोणी "फ्रेश बर्मा लॉग आहे साहेब" म्हणाला की एकतर तो थाप मारतोय, नाहीतर चोरीचा माल दाखवतोय. हसून पुढं जायचं.

घाना, इक्वेडोर, कोस्टारिका इथला बराचसा साग लागवडीचा असतोय, वीसेक वर्षांत तोडलेला. जंगलावरचा ताण कमी करतो म्हणून मला तो चालतो, पण बारकाईनं घ्या. कोवळ्या झाडात बाहेरचा पांढरा भाग जास्त असतोय आणि वाळवी पहिल्यांदा तोच खाते. पॉलिशखाली तो लपतो, म्हणून पॉलिश न केलेला माल बघायचा, कडेला पांढरी पट्टी दिसली की तेवढी कापून मग माप धरायला सांगा. दुकानदार कुरकुरतोय, कुरकुरू दे.

मलेशियन सालाचं मात्र खरंच जपून. स्वस्त पडतं म्हणून कॉन्ट्रॅक्टर तेच टाकतो, पण त्या नावाखाली आग्नेय आशियातली चार-पाच जातींची लाकडं येतात, आणि ती बहुतेक नैसर्गिक वर्षावनातली असतात. मलेशियातल्या सारावाक राज्यात पेनान आदिवासींनी १९८७ साली लाकूडतोडीचे रस्ते स्वतः उभं राहून अडवले होते, ती तोड असल्याच लाकडाची होती. आणि रस्ता हाच खरा घोळ आहे बघा. वर्षावनात हेक्टरी मोजकीच झाडं विकायच्या लायकीची असतात, ती काढायला बुलडोझर आत जातो, रस्ता पडतो, मग त्या रस्त्यानं दुसरे येतात, आग लागते, आणि काही वर्षांत तिथं पामची लागवड उभी.

मग अशा जंगलातनं लाकूड काढूच नये का? काढता येतं, नीट काढलं तर. तोडायच्या झाडाला जडलेल्या वेली काही महिने आधी कापून ठेवतात, नाहीतर एक झाड पडताना वेलींनी शेजारची चार ओढून आणतं. कुठल्या दिशेला पाडायचं ते ठरवतात, ओढायची वाट आधी आखतात, ओढ्याच्या कडेची आणि बियाणाची झाडं सोडतात, आणि त्या पट्ट्यात परत पंचवीस-तीस वर्षं पाय ठेवत नाहीत. ब्राझीलमध्ये यंत्रानं तोड करायची तर हेक्टरी ३० घनमीटरच्या वर लाकूड काढता येत नाही असा नियमच आहे. अशा जंगलातला माल ओळखायचा कसा, तर त्यासाठी १९९३ साली सुरू झालेल्या एफएससी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं सर्टिफिकेट आहे. शिक्क्यावर झाड आणि बरोबरची खूण, खाली सी अक्षर आणि सहा आकडे. ते आकडे एफएससीच्या साइटवर टाकले की कंपनीचं नाव आणि सर्टिफिकेट चालू आहे की संपलं ते दिसतंय, मोबाइलवर दोन मिनिटांचं काम, दुकानात उभ्या उभ्या करा. शिक्क्यावर "१०० टक्के" लिहिलेलं चांगलं, "मिक्स" असेल तर त्यात दुसरा माल मिसळलेला असू शकतो, आणि एफएससीवर पण टीका होते, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. एक मात्र आहे, सोलापुरातल्या साध्या वखारीत सुट्ट्या लाकडावर हे मिळणं अवघड, प्लायवूड, रेडीमेड दरवाजे, फ्लोअरिंग यांच्यावर मिळायची शक्यता जास्त.

सुट्ट्या लाकडाला कागद बघायचा. देशी असेल तर वनखात्याचा वाहतूक पास, बोलीभाषेत टीपी, आणि आयात असेल तर बिलावर जातीचं नाव, देश आणि आयातीचे कागद कुणाकडं आहेत ते. "टीपीची झेरॉक्स द्या" एवढं साधं वाक्य, पण म्हणून बघा, खरा वखारवाला लगेच फाइल काढतो, दुसरा "तुम्हाला कशाला पायजे ते" असं विचारतो. बिलाशिवाय दहा टक्के कमी करतो म्हणणाऱ्याचं लाकूड तर घेऊच नका.

आणि कागदावर साग लिहून हातात दुसरंच दिलं तर? त्याला घरगुती टेस्ट आहे. तुकड्याचं टोक, म्हणजे आडवा कापलेला भाग, धारदार पटाशीनं एकदा स्वच्छ तासा आणि बोटानं पाणी लावा. सागाला वर्षाची वलयं स्पष्ट दिसतात आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ असते, कारण साग आपल्यासारख्या पाऊस-मग-उन्हाळा अशा हवेतला, वर्षातनं एकदा थांबतो आणि परत वाढतो. वर्षावनातल्या लाकडाला अशी थांबायची गरज नसते, तिथं छिद्रं सगळीकडं सारखी पसरलेली, वलयं अस्पष्ट, आणि मलेशियन मालात पुष्कळदा राळेच्या बारीक पांढऱ्या रेघा दिसतात. वास पण घ्या, तासलेला साग तेलकट, जुन्या चामड्यासारखा वास देतो. मोबाइल कॅमेरा झूम करून फोटो काढून ठेवा, नंतर साइटवर आलेल्या मालाशी ताडून बघता येतंय.

लाकूड वाळलंय का ते पण बघाच. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४ ला टेकतो, ओलं लाकूड बसवलं की पहिल्याच उन्हाळ्यात दार वाकतं, फट पडते, मग ते काढून दुसरं बसवा, म्हणजे एका दारासाठी दोनदा झाड पडलं. चांगल्या सुताराकडं मॉइश्चर मीटर असतं, १२ टक्क्यांच्या आत आकडा आला तर घ्या.

प्लायवूडबद्दल थोडक्यात. आतला गाभा बहुतेक शेतातल्या नीलगिरी-पॉप्लरचा असतो, यमुनानगरकडचा, किंवा केरळच्या पेरुंबावूरचा असेल तर रबराच्या झाडाचा, त्यात जंगलाचं नुकसान नाही. प्रश्न वरच्या कागदाएवढ्या पातळ थराचा आहे. "गर्जन फेस" म्हणून जास्त पैसे घेतात, ते आग्नेय आशियातल्या जंगली झाडाचं असतं. आफ्रिकेतल्या गॅबॉनचं ओकूमे नावाचं लाकूड पण येतं, त्या देशानं २०१० मध्ये गोल लाकूड बाहेर द्यायचं थांबवून कारखाने आपल्याकडंच काढायला लावले. ३०३, ७१० हे आयएसआयचे नंबर ताकद आणि पाणी सोसण्याबद्दल आहेत, जंगलाबद्दल त्यातनं काही कळत नाही, सेल्समन तसं भासवेल. वरून लॅमिनेट चिकटवणारच असाल तर गर्जन फेसला पैसे कशाला घालताय?

लाकडावर एवढं लिहिलं पण खरं सांगायचं तर जगातली जवळजवळ ९० टक्के जंगलतोड शेतीसाठी होते असं एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न-शेती संघटना, सांगते, गुरं, सोया, पाम. पामतेल आयातीत भारत जगात एक नंबर. म्हणून तेलाच्या पिशवीवर "पामोलिन" लिहिलंय का बघा, फरसाण-बिस्किटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. सोलापूर म्हणजे करडईचा पट्टा, इथं करडईवर संशोधन चालतं, शेंगाचं आणि करडईचं घाण्याचं तेल इथंच मिळतंय, थोडं महाग आहे हे मान्य.

आणि हो, "लाकूड वापरलं म्हणून भरपाईला झाडं लावली" असं करायचं असेल तर कृपा करून सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर खड्डे खणायला जाऊ नका. ते मोकळं गवत माळढोकाचं, लांडग्याचं, काळविटाचं घर आहे, तिथं झाडं नसणंच बरोबर आहे. बांधावर, अंगणात कडुनिंब लावा, बांबू लावा. बांबू विकतच घ्यायचा असेल तर गडचिरोलीच्या ग्रामसभांचा मिळतोय का विचारा. तिथल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासचं पुस्तक त्यांच्याच हातात आलं, आता किती तोडायचं ते गाव एकत्र बसून ठरवतं.

शेवटचं काम कॉन्ट्रॅक्टरचं. तोंडी सांगितलेलं त्याच्या लक्षात राहत नाही, म्हणून कोटेशनमध्येच लिहून घ्या: "चौकटीचं लाकूड कुठल्या जातीचं आणि कुठलं ते बिलावर नमूद असेल, टीपी किंवा आयातीच्या कागदाची प्रत मालाबरोबर मिळेल, माल बदलल्यास आधी कळवलं जाईल." सुतारकामाचा शेवटचा हप्ता ते कागद हातात आल्यावरच द्यायचा, आधी नाही.